कुलूप आहे, पण किल्ली दारालाच!

धानाच्या कोठीला कुलूप न लावता पवनीच्या बाजाराला जाणारा माणूस आमच्या आसगावात मिळायचा नाही. त्याच गावात गेल्या दिवाळीत आमच्या माजघरात वायफायचा कॅमेरा बसला. बसवणाऱ्याने कारखान्याचाच पासवर्ड राहू दिला, वर "लक्षात ठेवायला सोपा!" असे कौतुकही केले. मीही मान डोलावली, हे कबूल करतो.

मित्रहो, 2016 साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने असले साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहत जगभरचे लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. 2025 साली राजकोटच्या प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांतून तपासणीला आलेल्या स्त्रियांची चित्रणे चोरून विकल्याचे उघडकीस आले. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही तरुण होते! चोर हुशार असतो हे आपले समाधान खोटे आहे. आपणच ढिले असतो. आणि माझ्या मते आपल्याहूनही विकणारा व बसवणारा अधिक दोषी. नवा, लांब पासवर्ड घातल्याशिवाय त्याच्या हाती पैसे ठेवू नयेत. राउटरचाही बदलावा, अपडेट आले की टाळू नये.

आमचा परवा बदलला. आई म्हणाली, "मंग इतके दिवस कोनी पायत होता का रे?" मला उत्तर देता आले नाही. कॅमेरा आता अंगणात आहे.