सांधेदुखीला दुसरी नजर हवी
सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : बीड जिल्ह्यातील सांधेदुखीच्या रुग्णांना दुसऱ्या डॉक्टरांचे मत मिळण्याची सोय करण्याबाबत

सविनय निवेदन की,

बीड जिल्ह्यात एखाद्या बाईचे सांधे दुखू लागले की वाताचा त्रास आहे, काम कष्टाचे आहे, वय झाले आहे, एवढेच उत्तर तिच्या घरच्यांना अनेकदा मिळते; सोबतच्या सुईने आणि चार दिवसांच्या गोळ्यांनी कळ दबते, परंतु ती कशाची होती हा प्रश्न तसाच राहतो. ऊसतोडीच्या या जिल्ह्यात असे उत्तर चटकन पटते, आणि खरी अडचण तीच आहे. जिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि बाई दिवसभर वाकून ऊस तोडते, मोळ्या बांधते व त्या डोक्यावर वाहून नेते, तिथे तिचे हातपाय दुखणारच, असे दवाखान्यात, मुकादमाला आणि अखेरीस तिला स्वतःलाही वाटू लागते.

श्रमाचे दुखणे आणि आमवात या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर ज्याला रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. श्रमाचे दुखणे सहसा विश्रांतीने उतरते. आमवातात उलट रात्रभराच्या विश्रांतीनंतर सकाळी बोटे तासभर आखडलेली राहतात, दोन्ही हातांची पेरे व मनगटे सुजतात आणि ही सूज आठवडेच्या आठवडे हटत नाही. वेळेवर उपचार न झाल्यास पहिल्या एक-दोन वर्षांतच हाडांची झीज सुरू होऊ शकते आणि झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. म्हणून इथे गमावलेला वेळ हा गमावलेला हातच असतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांना स्नायू वा सांध्यांच्या तक्रारी होत्या, तर आमवात साधारण दोनशेंत एकाला आढळला. याचा अर्थ, दुखणाऱ्या छत्तीस जणांत आमवाताचा रुग्ण साधारण एक. पस्तीस वेळा आमवात नसल्याचा अंदाज बरोबर ठरतो, आणि छत्तिसावी बाई त्याच सवयीत हरवते.

अशा वेळी घरच्यांनी डॉक्टर बदलणे यात कृतघ्नता नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे वैद्यकीय मत घेण्याचा हक्क नमूद आहे, आणि मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावीत, असे डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात. तरीही प्रत्यक्षात डॉक्टर बदलतो, उपचार बदलत नाही. कारण नव्या दवाखान्यात रुग्ण पोहोचतो, त्याचे कागद पोहोचत नाहीत, आणि गोष्ट पुन्हा पहिल्या सुईपासून सुरू होते. त्या सुईत अनेकदा स्टेरॉइड असते. ते सूज झपाट्याने उतरवते, पण मूळ रोगाचा शोध न घेता वारंवार दिल्यास हाडे ठिसूळ करते.

डॉक्टर बदलण्याविषयी लिहिताना बीडचाच एक कटू अनुभव टाळता येत नाही. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तिथे तक्रार झटकली गेली नाही, उलट तिच्यावर घाईने शस्त्रक्रिया झाली. तरी दोन्हीकडची उणीव एकच, ती म्हणजे दुसऱ्या जाणत्या नजरेचा अभाव. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेले असतील तर पाळी अकाली जाते, हाडे विरळ होऊ लागतात आणि सांधेही दुखू शकतात. तेव्हा पस्तिशीतल्या अशा बाईला ‘वय झाले’ असे सांगणे हा तिच्यावरचा दुसरा अन्याय ठरतो. त्या प्रकरणानंतर खासगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. दुसरी नजर व्यवस्थेत बसवता येते, हे शासनाने बीडमध्येच दाखवून दिले आहे.

म्हणून विभागाने वैद्यकीय शिक्षण विभागाच्या सहकार्याने अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस संधिवाताचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा, आणि पहिल्या डॉक्टरच्या चिठ्ठीची अट न घालता आशा सेविकेच्या शिफारशीवर तिथे तपासणी व्हावी. रुग्णासोबत फिरणारी एक नोंदवही असावी, तीत आधीच्या सुया-गोळ्या व रक्ततपासण्या लिहिलेल्या असाव्यात. आमवातावर प्रथम दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध महाग नाही, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते, गरोदरपणात ते चालत नाही आणि त्यासाठी रक्ताची तपासणी ठरावीक अंतराने करावी लागते. म्हणूनच ही वही पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील फडांपर्यंत बाईबरोबर जायला हवी, आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती मान्य व्हायला हवी.

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि त्यानंतर पाच-सहा महिने या बायका जिल्ह्यात नसतात. पहिली तपासणी त्याआधी सुरू व्हावी, ही कळकळीची विनंती.

बीड जिल्ह्यातील रुग्णांच्या नातेवाइकांच्या वतीने