हुकूम रुळाला द्यावा की इंजिनाला?

खेळण्यातली आगगाडी गोल गोल फिरवून कंटाळा आला, की बहुतेक मुले दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण ती खोक्यात घालून माळ्यावर टाकतात. काही जण मात्र आणखी रूळ जोडतात, एक सांधा बसवतात, खटपट करून दुसरे इंजिन मिळवतात. आणि मग त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या कशा? हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या मुलामुलींसाठी आहे.

पुण्यातल्या वाचकांना उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. कोथरूडच्या बाजूला, कर्वे रस्त्यालगत, बी. एस. जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. वाफेच्या इंजिनाची गाडी, वेगवान आधुनिक गाडी, दात्यांच्या रुळावरून चढ चढणारी गाडी, वरून लोंबकळत जाणारी गाडी असे अनेक प्रकार तिथे एकाच शहरात नांदतात आणि सिग्नल आहेत ६५. पाहायला येणाऱ्यांचे डोळे साहजिकच इंजिनांवर खिळतात. तुम्ही पुढच्या वेळी गेलात तर एक करा. एकच गाडी निवडा आणि ती कुठे थांबते, तिच्यापुढचा सिग्नल केव्हा बदलतो, सांधा केव्हा सरकतो, एवढेच पाहत राहा. खरी गंमत गाडीत नसून गाड्यांच्या नियंत्रणात आहे, हे दहा मिनिटांत तुमच्या ध्यानात येईल.

नियंत्रणाच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत हुकूम रुळाला दिला जातो, दुसरीत इंजिनाला.

पहिली पद्धत जुनी आणि सरळ आहे. दोन रुळांना १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश विद्युतप्रवाह पुरवायचा. इंजिनाची चाके तो उचलतात व आतल्या मोटरला देतात. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो. धन-ऋण टोकांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. यात एक सुरेख बारकावा आहे. उजवा रूळ धन असेल तर इंजिन पुढे जाते, असा संकेत ठरलेला आहे. आता तेच इंजिन उचलून तोंड फिरवून ठेवा. त्याचा ‘उजवा’ रूळ आता दुसरा झाला, म्हणून ते तोंडाच्या दिशेने न जाता मागे चालू लागते. म्हणजे टेबलावरून पाहिले तर पूर्वीच्याच दिशेने! त्यामुळे एकाच नियंत्रकावर दोन इंजिने असली तरी ती समोरासमोर येऊन आदळत नाहीत. मात्र दोन्ही एकदमच चालतात आणि एकदमच थांबतात, हीच अडचण.

त्यावरचा उपाय खऱ्या रेल्वेकडून उसना घ्यायचा. रुळाचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, पाडायचे आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम पाळायचा. खेळातल्या रुळात हे करायला दोनपैकी एका रुळाला करवतीने बारीक फट पाडली की पुरते. प्रत्येक ब्लॉकला एक खटका द्यायचा: वर केला तर पहिला नियंत्रक, खाली केला तर दुसरा, मध्ये ठेवला तर प्रवाह बंद. दोन नियंत्रकांसाठी वीजपुरवठे मात्र वेगवेगळे हवेत. दुसरा रूळ दोघांत सामाईक असल्यामुळे पुरवठाही एकच असेल, तर एका गाडीची दिशा बदलताच शॉर्ट सर्किट होते.

दुसरी पद्धत डिजिटल. जर्मनीतील लेन्झ यांच्या कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९० च्या दशकात तिचे मानक ठरवले. डीसीसी या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. यात रुळांत कायमच पूर्ण दाबाची वीज खेळत असते, पण तिची दिशा सतत उलटसुलट होते. ही उलटापालट म्हणजेच संदेश. प्रवाह ५८ मायक्रोसेकंद एका दिशेने व तितकाच वेळ उलट दिशेने वाहिला तर तो अंक १. हाच काळ निदान १०० मायक्रोसेकंदांचा असला तर तो अंक ०. अशा शून्य-एकांच्या माळांतून हुकूम जातात. प्रत्येक इंजिनात एक चिमुकले मंडल, म्हणजे डिकोडर, बसवलेले असते. तुमच्या वर्गात बाई हजेरी घेतात तसेच हे आहे. “क्रमांक सतरा!” हा पुकारा सगळ्यांच्याच कानी पडतो, पण उभा सतराच राहतो.

दिमाखदार पद्धत आहे, यात शंका नाही. उभ्या इंजिनाचा दिवाही जळत राहतो, एकाच ब्लॉकमध्ये दोन इंजिने स्वतंत्रपणे हलवता येतात, शिट्टीसुद्धा वाजते. शाळांच्या विज्ञान मंडळांत हल्ली यावरच वाद रंगतो. “जग डिजिटल झाले, मग आपण करवतीने रूळ कशाला कापायचे?” असे विचारणारा एक तरी असतोच.

माझे मत असे: पहिले दोन इंजिनांपर्यंत रूळच कापा. डिजिटल संच विकत आणू नका.

पैसा हे पहिले कारण आहे, आणि ते क्षुल्लक नाही. डिजिटल संच व डिकोडर बहुधा परदेशातून येतात आणि नवे इंजिन घेतले की नवा डिकोडर आलाच. साध्या पद्धतीचे साहित्य पुण्यात पायी फिरून जमते. खटके, तारा आणि ट्रान्झिस्टर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळतात. जुन्या बाजारात चक्कर मारली तर मोडक्या यंत्रांतून काढलेल्या पेट्या आणि मीटरही हाती लागतात.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. नियंत्रक स्वतः बनवताना जे समजते ते बंद डबा विकत घेऊन समजत नाही. वानगीदाखल वेगनियंत्रण पाहा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोटरच्या वाटेत बदलता रोध घालणे. पण तसे करा आणि गंमत बघा: गाडी आधी हलतच नाही आणि मग एकदम उसळी मारून पळते. का? थांबलेली मोटर सुरू होताना जास्त प्रवाह ओढते, आणि प्रवाह जास्त तेवढे रोधाने खाल्लेले व्होल्टही जास्त. मोटरला नेमके गरजेच्या वेळी कमी मिळतात. ती एकदा फिरू लागली की प्रवाह घटतो, रोधाची भूक कमी होते आणि सगळे व्होल्ट मोटरकडे धावतात. याउलट २एन३०५५ हा दणकट ट्रान्झिस्टर आणि त्याला साथ देणारा एक लहान ट्रान्झिस्टर घेतला, तर तुम्ही बटणाने ठरवलेला दाब, वाटेत गळणारा सव्वा-दीड व्होल्ट वजा जाता, प्रवाह कमी-जास्त झाला तरी जवळजवळ तेवढाच राहतो. गाडी खऱ्या गाडीसारखी हळूच निघते. मोठ्या ट्रान्झिस्टरला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा जोडायला विसरू नका, तो चांगलाच तापतो. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा तिचे विद्युत इंजिन १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चाले, आणि त्या काळच्या इंजिनांत चालक वेग वाढवताना एकेक रोध मंडलातून काढून टाकत असे. आता त्या मार्गावर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे.

गाडी रुळावरून घसरली की हमखास शॉर्ट सर्किट होते. यासाठी महागडे संरक्षण नको. नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानातून १२ व्होल्ट, २१ वॅटचा वळणदिव्याचा बल्ब आणा आणि रुळाकडे जाणाऱ्या तारेत एकसरीत जोडा. थंड बल्बचा रोध अगदी थोडा, एका ओहमपेक्षाही कमी. त्यामुळे गाडीला तो जवळजवळ जाणवत नाही. शॉर्ट झाला की तार तापून बल्ब पेटतो, रोध सुमारे सात ओहमपर्यंत चढतो आणि प्रवाह पावणेदोन अँपियरच्या वर जाऊच शकत नाही. धोक्याचा दिवा आणि संरक्षण, दोन्ही एकाच बल्बात! वीज घेताना मात्र तयार १२ व्होल्ट, २ अँपियरचा अडॅप्टरच वापरा. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या जोडणीला स्वतः हात लावायचा नाही.

डिजिटलच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा वेगळाच आहे आणि तो मान्य करायला हवा. खऱ्या रेल्वेत तारेतली वीज कायम असते आणि वेग चालक ठरवतो. या दृष्टीने डिजिटल पद्धतच वास्तवाच्या जवळची. पण चालक म्हणजे निम्मी रेल्वे. उरलेली निम्मी स्टेशनमास्तर, सांधेवाले आणि सिग्नलवाले यांची, आणि ती ब्लॉक पाडल्याशिवाय कळत नाही. डिजिटल रुळावर दोन इंजिने खुशाल समोरासमोर येतात. त्यांना अडवणारे काही हवे असेल तर तिथेही अखेर ब्लॉक पाडावेच लागतात. शिवाय एक डबा घसरला की साऱ्या टेबलावरच्या गाड्या एकदम बंद, म्हणून मोठ्या मांडणीत पुन्हा रुळांचे विभाग आलेच. करवत काही सुटत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६ पासून विद्यार्थ्यांचे एक मॉडेल रेल्वे मंडळ आहे. त्यांनी टेलिफोन केंद्रातले जुने रिले वापरून टेबलाखाली गाड्यांचे नियंत्रण उभारले. टेबलावरची घरे-झाडे रंगवणारा एक गट आणि टेबलाखाली तारांच्या जंगलात रमणारा दुसरा, असे त्यांच्यात चक्क दोन पंथ होते! या खालच्या गटातली मुले पुढे संस्थेत आलेल्या संगणकांवर तुटून पडली, आणि ‘हॅकर’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्यापुढे बंद डबा ठेवला असता तर हे घडले असते का, याचा विचार तुम्हीच करा.

तिसरे-चौथे इंजिन आले, किंवा सात-आठ जणांनी मिळून शाळेत मोठी मांडणी करायची ठरवली, तर माझा विरोध मावळतो. खटके इतके वाढतात की गाडीऐवजी खटक्यांकडेच पाहावे लागते. तेव्हा डिजिटलकडे वळा. तेही जमल्यास आर्डुइनोसारखा स्वस्त सूक्ष्मनियंत्रक घेऊन, शून्य-एकांच्या माळा स्वतः रुळावर सोडून.

आता मापे. प्लायवूडच्या आठ बाय चार फुटी एका तक्त्यावर एचओ मापाचा लंबवर्तुळाकार मार्ग साधारण साडेपाच मीटरचा बसतो. या मापात सारे काही ८७ पटींनी लहान, म्हणजे तुमचा मार्ग खऱ्या जगात अर्ध्या किलोमीटरहूनही थोडा कमीच भरतो. आपली २४ डब्यांची एक्स्प्रेस त्यावर ठेवली तर तिचे तोंड तिच्याच शेपटीला लागेल! (रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर, हे प्रमाण गेज मार्गाचे माप. म्हणून पुणे मेट्रो त्यावर तंतोतंत बसते, डेक्कन क्वीनला मात्र जवळजवळ तीन मिलिमीटर कमी पडतात.) तेव्हा इंजिन आणि तीन डबे, अशी मीटरभर लांबीची गाडी धरा व मार्गाचे चार ब्लॉक करा. दोन गाड्या असल्या तर प्रत्येकीपुढे एक ब्लॉक मोकळा राहतो. सिग्नलजवळ गाडी थांबवायचा तुकडा इंजिनाच्या दीडपट लांबीचा तरी ठेवा. अचानक प्रवाह तुटला तरी इंजिन काही अंतर घरंगळत जातेच. आणि कापलेल्या फटीत प्लास्टिकचा बारीक तुकडा चिकटवून टाका. पुण्याच्या मे महिन्यात रूळ प्रसरण पावून सरकतात आणि फट मिटू शकते. मग दोन ब्लॉकचा एक झालेला कळतो तो थेट दुसरी गाडी आपोआप चालू लागल्यावरच.