बदलीची बाई कोण?

कारखान्याच्या फाटकाशी मातृत्वलाभाच्या तरतुदींचा गोषवारा यथासांग चिकटविलेला असतो, हजेरीपटात प्रसूतिरजेच्या नोंदी बिनचूक असतात, आणि तरीही त्याच कारखान्यात पुन्हा रुजू झालेल्या आईचे दूध महिनाभरात आटू लागते, ते का, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी जे कामगार कल्याण अधिकारी आहेत त्यांनी स्वतःस विचारावयास हवा.

कायदा अगदीच उदासीन राहिला असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफू चारून निजवीत, असे १९२० च्या सुमाराचे अहवाल सांगतात. १९२८ साली प्रसूतिलाभाचे विधेयक मुंबई कायदेमंडळात आले तेव्हा, प्रसूतीच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, अशी भूमिका घेऊन डॉ. आंबेडकरांनी त्याची पाठराखण केली, आणि पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. १९६१ च्या कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या मधल्या सुटीखेरीज, स्तनपानासाठी दिवसातून दोन सुट्या दिल्या, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनेही त्या राखल्या. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली खरी, परंतु तीपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी खर्ची पडले तर नंतर उरतात अठराच. आणि पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, हा वैद्यकाचा आग्रह पाळण्याची पुढची जबाबदारी कारखान्याच्या आवारात येऊन पडते.

स्तनपानाच्या या सुट्यांमागे मूल जवळच्याच पाळणाघरात आहे, हे गृहीत आहे. खाणी व सर्कशी यांच्यासाठी केंद्राने १९६३ साली केलेल्या नियमांत सुटी १५ मिनिटांची असून, पाळणाघर दूर असल्यास जाण्यायेण्यास थोडा अधिक वेळ मिळतो. आज मूल भोसरीच्या खोलीत आजीपाशी आणि आई चाकणला जुळणीच्या पट्ट्यावर, अशी स्थिती असता, दूध काढून ठेवण्यावाचून तिला गत्यंतर नसते. आणि हात धुणे, निवांत होणे, दूध काढणे, ते नाव घालून ठेवणे, भांडी विसळणे यांस पाऊण तास नाही तरी अर्धा तास हवाच. दटावून आणि घड्याळ दाखवून पान्हा फुटत नाही. दुपारी छाती दगडासारखी घट्ट होते, पोलक्यात दुहेरी घडी घालून ठेवलेला फडका भिजतो, आणि ती बाई स्वच्छतागृहात जाऊन दूध मोरीत पिळून टाकते. तेही न जमले तर साठून राहिलेले दूध पुढील निर्मितीलाच अटकाव करते, आणि कधी गाठ येऊन तापही भरतो.

खोलीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. आतून कडी, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, विजेचे बटण, हात धुण्यास पाणी आणि लहानसे शीतकपाट एवढ्याने ती सजते. २५ अंशांवर सुमारे चार तास टिकणारे दूध शीतकपाटात चार दिवस टिकते. मात्र खोलीची किल्ली पहाऱ्यावरच्या शिपायाकडे मागावी लागत असेल, तर खोली नसल्यातच जमा. अशा खोल्यांना हिरकणी कक्ष म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीच्या धैर्याचे गोडवे गाताना, नियमावर बोट ठेवून गडाचा दरवाजा न उघडणारे पहारेकरी हेच आपल्या व्यवसायाचे पूर्वज, एवढे आपण ध्यानी ठेवलेले बरे.

खरी अडचण पट्ट्यावर आहे. दूध काढण्यासाठी आई उठली की तिच्या जागी कोण उभे राहणार? कोणीच नाही, म्हणून शेजारणीवर काम साचते, पाळीचे उत्पादन घटते, सुपरवायझर कपाळाला आठी घालतो, आणि सुटी नाकारली न जाताही ती घेणे बाई आपणहून सोडून देते. गिरण्यांनी बदली कामगाराची प्रथा अनेक अनर्थांसह राबविली, हे खरे. पण चालू यंत्रावरून माणूस उठतो तेव्हा दुसरा हात तयार हवा, ही तिच्यातील साधी समज आपण टाकून दिली. प्रत्येक पाळीत सर्व जागांचे काम येणारी एक बदलीची बाई, उत्पादनाच्या तक्त्यात या वेळेसाठी स्वतंत्र रकाना, त्यानुसार कमी केलेले उद्दिष्ट, आणि आई रुजू होण्याच्या आठवडाभर आधी सुपरवायझरशी समक्ष बोलणे, ही तजवीज व्यवस्थापनाकडून मंजूर करून घेणे हेच कल्याण अधिकाऱ्याचे काम आहे. ठेकेदाराच्या पटावरील बाईस ती लागू नसेल, तर निम्म्या कारखान्यास ती लागू नाही असे समजावे.

ज्या वाचकांनी आपल्या खात्यात अशी व्यवस्था चालविली असेल, त्यांनी तिचा खर्च, तिच्यातील अडथळे आणि पट्ट्यावरील इतर स्त्रियांची कुरकूर यांसह तपशील आमच्याकडे धाडावेत. पुढील अंकात त्यांसाठी जागा राखली आहे.