बाकड्यावरचा बाप

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. प्रसूती कक्षाचे दार अर्धे उघडले आणि सिस्टरने डोकावून विचारले, "पेशंटचे मिस्टर कोण?" आमच्यातला एक जण बाकड्यावरून ताडकन उठला. "मुलगी झाली," सिस्टर म्हणाल्या. तो हसणार, तेवढ्यात पुढचे वाक्य आले. "रक्त जास्त चाललंय. रक्तगट कोणता तिचा? शेवटचं हिमोग्लोबिन किती होतं? कार्ड कुठाय?"

तीन प्रश्न. आमच्या भावाला एकाचेही उत्तर देता आले नाही.

आम्ही एकाच वस्तीतले चार जण. एक ऑटो चालवतो, एक टाइल्स बसवतो, एक घरोघरी पार्सल पोचवतो, एक सफाई खात्यात कंत्राटावर आहे. गेल्या वर्षभरात आम्ही चौघेही पहिल्यांदा बाप झालो. चौघांनीही ती रात्र दवाखान्याच्या बाकड्यावर काढली. तिघांचे निभावले. चौथ्याची बायको मरणाच्या दारातून परत आली. एका रविवारी विहाराच्या पायरीवर बसून चौघांनी आपापली रात्र एकमेकांना सांगितली, तेव्हा लक्षात आले की चूक एकट्या पार्सलवाल्याची नव्हती. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही गप्पच उभे राहिलो असतो. म्हणून हे लिहीत आहोत.

त्या रात्री काय झाले ते आधी सांगतो. वहिनीला संध्याकाळी सातलाच कळा सुरू झाल्या होत्या. नवरा ड्युटीवर, त्याचा फोन लागेना. "पहिलटकरीण आहे, वेळ लागते, सकाळपर्यंत पाहू," असे घरात ठरले. तो साडेदहाला आला, मग गाडीची शोधाशोध झाली. घाईत कार्ड पेटीतच राहिले. त्या कार्डावर सातव्या महिन्याचे हिमोग्लोबिन लिहिलेले होते : ८.२. गरोदर बाईचे ते ११ च्या खाली गेले की पंडुरोग म्हणजे ॲनिमिया समजतात, आणि ७ च्या खाली गेले तर तो गंभीर. म्हणजे वहिनी काठावरच होती. कार्ड दाखल होतानाच दाखवले असते, तर रक्ताची तयारी तेव्हाच करून ठेवता आली असती.

मूल बाहेर आल्यावर गर्भाशय आकसून घट्ट व्हावे लागते, तरच वार जिथून सुटते तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन रक्त थांबते. वहिनीचे गर्भाशय सैल राहिले. धडधाकट बाई थोडे रक्त गेले तर सोसते. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला तेवढेच जाणेही जिवावर बेतते. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी इंजेक्शने दिली, पोटावरून गर्भाशय चोळले, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. पहाटे रक्त थांबले. त्यांनीच तिला वाचवले, हे आम्ही कधी विसरणार नाही.

पण त्याच रात्री आमच्या भावाच्या हातात बाहेरून औषध आणायची चिठ्ठीही दिली गेली. बदली रक्तदाता आणा, असेही सांगितले गेले. रात्री अडीचला तो मेडिकल शोधत फिरला, उसने पैसे मागत फिरला. दवाखान्याचे नाव लिहीत नाही, कारण हे एका दवाखान्यापुरते नाही. केंद्र सरकारची जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम ही योजना २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, दवाखान्यात नेणे आणि घरी सोडणे हे सगळे त्यात मोफत आहे. हा आपला हक्क आहे. आमच्यापैकी एकालाही तो माहीत नव्हता. ज्याला हक्क माहीत नाही, तो हात जोडून उभा राहतो.

आता आमचे म्हणणे. बाळंतपण हे बायकांचे काम, पुरुषाने बाहेर थांबावे, बातमी आली की पेढे वाटावेत, असे आपण मानत आलो. हे बदलायला हवे. बाप बाकड्यावर बसला तरी चालेल, पण सगळी माहिती घेऊन बसला पाहिजे.

ही रीत का पडली तेही आम्हाला कळते. दहा बाय बाराच्या खोलीत बाळंतपण व्हायचे, तेव्हा दाई आली की पुरुषांनी बाहेर जायचे. बाईची लाज राखली जावी म्हणून ते होते. त्यात वाईट काही नव्हते. पण बाहेर जाता जाता आपण जबाबदारीच्याही बाहेर गेलो. कोणत्या महिन्यात किती वजन वाढले, गोळ्या चालू आहेत का, पुढची तपासणी कधी, हे विचारणे म्हणजे जणू पुरुषपणाला कमीपणा. वहिनीने लोहाच्या गोळ्या पाचव्या महिन्यातच सोडल्या होत्या. मळमळ व्हायची, शौचाला काळे व्हायचे, आणि शेजारणीने सांगितले होते की या गोळ्यांनी बाळ काळे होते. बाळाच्या रंगाचा गोळीशी काही संबंध नाही. शौचाला काळे होणे लोहामुळेच असते आणि त्यात धोका नाही. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहासोबत घेतली तर लोह अंगी कमी लागते. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची असते. अंगात रक्त कमी असेल तर डॉक्टर मात्रा वाढवून देतात. हे सगळे आम्हाला आशाताईंनी सांगितले, पण नंतर. आधी विचारायला आम्ही गेलोच नव्हतो.

म्हणून वस्तीतल्या होणाऱ्या बापांना आमचे सांगणे आहे. बायकोचे माता व बाल संरक्षण कार्ड स्वतः वाचा, त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा. रक्तगट आणि हिमोग्लोबिन हे दोन आकडे आपला फोन नंबर पाठ असतो तसे पाठ करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. निदान एकदा तरी मजुरी बुडवून सोबत जा. आठव्या महिन्यातच कोणत्या दवाखान्यात जायचे ते ठरवा. १०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या सगळ्यांना सांगा. रात्री-बेरात्री येईल असा एक ऑटोवाला आणि रक्त देतील असे दोन मित्र आधीच बोलून ठेवा. कळा सुरू झाल्यावर "नवरा आला की पाहू" असे म्हणायची वेळ घरच्यांवर येऊ देऊ नका. पाणी गेले, रक्त दिसले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर कुणाचीही वाट न पाहता निघायचे.

विदर्भातल्या आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. सिकलसेल आपल्या समाजातही आहे. त्याची तपासणी बायकोची होते, नवरा टाळतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक असणे हा आजार नाही आणि त्यात लाज नाही. पण बापाने रक्त तपासले नाही तर अर्धीच माहिती हाती येते. शक्यतो लग्नाआधी, नाहीतर पहिल्या महिन्यांतच दोघांनीही तपासून घ्यावे.

दवाखान्यांकडेही आमचे मागणे आहे. बाळंतिणीजवळ तिच्या विश्वासाचे एक माणूस असू द्यावे, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्येच दिली आहे. आडोसा राखता येत असेल तर नवऱ्यालाही आत घेता येते, असे त्यात आहे. आमच्यातले काही म्हणाले, आपणही आत जायला मागू. पण एका खोलीत चार टेबले आणि मध्ये पडदा नसेल, तर आपल्या आत जाण्याने दुसऱ्या तीन बायांची लाज जाते. ते आम्हाला मान्य नाही. पडदे लावा, मग नवऱ्याला घ्या. तोवर आई, सासू, बहीण, जी तिला हवी ती आत असू द्या. आत एकटी ओरडणारी बाई आणि बाहेर काहीच न कळणारा बाप, ही दोन्ही दुःखे टाळता येण्यासारखी आहेत. तासाभराने एकदा बाहेर येऊन "ठीक आहे" एवढे सांगायला फार माणसे लागत नाहीत. मोफत सोयींचा फलक बाकड्यासमोरच्या भिंतीवर लावा. रात्रभर आम्ही त्या भिंतीकडेच पाहत असतो.

आणि बाप होणे त्या रात्री संपत नाही. वहिनीची मुलगी २ किलो १०० ग्रॅमची झाली. आई रक्त चढवून पडलेली. सिस्टरांनी आमच्या भावाला शर्टाची बटणे काढायला लावली आणि नुसत्या लंगोटातली ती चिमणी त्याच्या छातीवर ठेवून वरून पांघरूण बांधले. कमी वजनाच्या बाळाला अशी अंगाची ऊब लागते, आणि ती बापाची चालते. तो सांगतो, "तोवर मला वाटत होतं बाप झालो. ती छातीवर श्वास घ्यायला लागली तेव्हा कळलं, आता झालो."

पुढचे ४२ दिवस आशाताई घरी येतात. त्या आल्या की घरातला पुरुष चप्पल घालून बाहेर पडतो. ते थांबवा. बसा, ऐका. पहिल्या तासात चिकाचे दूध, सहा महिने फक्त आईचे दूध, घुटी नाही, मध नाही, पाणीही नाही. पॅड भराभर भिजत असेल, ताप आला, घाण वास येऊ लागला, बाळ दूध ओढेना, थंड पडले किंवा धापा टाकू लागले तर लगेच दवाखाना. बाळंतीण कारण नसता रडत असेल, बाळाकडे पाहत नसेल, तर "नखरे" म्हणू नका. तोही आजार असतो, आणि त्यावर उपचार असतो. लंगोट धुणे, भाकरी टाकणे, रात्री दोनला बाळाला खांद्यावर घेणे यात कुणाची मान खाली जात नाही. आमची गेली नाही.

मजुरीचा प्रश्न खरा आहे. केंद्र सरकारच्या नोकरदाराला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. आमच्यातल्या कंत्राटी भावाला दोन दिवस मिळाले, तेही बिनपगारी. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले होते, की कामकरी बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे. त्याला शंभर वर्षे व्हायला आली. रोजावरच्या बाईलाच ती विश्रांती अजून पुरती मिळत नाही, तर तिला मदत करणाऱ्या नवऱ्याची रजा मागायची कुणाकडे? तरी मागितली पाहिजे. आणि ती मिळेपर्यंत वस्तीने आपापसात सोय केली पाहिजे. आमच्यातला एक बाप झाला तेव्हा दुसऱ्याने आठवडाभर त्याचा ऑटो चालवून रोज कमाई आणून दिली. एवढे तर आपण करू शकतो.

पुढच्या महिन्यात आमच्याच गल्लीत आणखी एक जण बाप होणार आहे. परवा आम्ही त्याला वाटेत थांबवून विचारले, "रक्तगट कोणता तिचा?" तो थोडा ओशाळला, मग खिशातून मोबाइल काढून त्याने कार्डाचा फोटो दाखवला. बी पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन १०.४, गोळ्या चालू. आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री बाकड्यावर आम्ही त्याच्यासोबत असू.