भर समुद्रात धर्म बुडतो म्हणे!



"आठवडाभर समुद्रात राहून आली, धर्म कसला पाळला असेल!" हे वाक्य गेल्या महिन्यात मी तीन वेळा ऐकलं. उपाश्रयाच्या पायरीवर, भिशीत आणि आमच्याच जेवणाच्या टेबलावर. विषय माझ्या नणंदेचा. वय अडुसष्ट, मुलगा न्यू जर्सीत. जूनमध्ये ती इंग्लंडातल्या पुतणीकडे राहून तिथून साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जहाजाने गेली. क्वीन मेरी 2. सात रात्री, मधे एकही बंदर नाही, अख्खा अटलांटिक.

आधी धर्माचंच पाहू, कारण आक्षेप त्याच्याच नावाने घेतला जातोय.

तिचा चौविहार मोडला असेल असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. जूनमध्ये त्या अक्षांशावर सूर्य रात्री नऊच्या आसपास मावळतो. जेवणाची पहिली पंगत सहाची. चौविहार मोडायचा म्हटलं तरी कष्ट घ्यावे लागतील! नवकारसीचा हिशोब मात्र तिला रोज नव्याने करावा लागला. आपल्या भिंतीवरचं मुंबई-पुण्याच्या वेळांचं पंचांग तिथे निरुपयोगी. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे येतं. इंग्लंड आणि न्यूयॉर्क यांत पाच तासांचं अंतर, म्हणून वाटेत पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे. ती रोज सूर्योदयाची वेळ विचारून घ्यायची आणि त्यात अठ्ठेचाळीस मिनिटं मिळवायची. आपल्यापैकी किती जणी रोज सूर्योदय बघून नवकारसी पारतात? मोबाइल वाजला की पारली.

कांदा-लसूण-कंदमुळाशिवायचं जेवण आगाऊ कळवून मिळालं. शिवाय पिशवीत खाखरे होतेच. चालत्या वाहनात सामायिक होत नाही, तिने ती केली नाही, माळ फिरवली. पाण्याचं विचाराल, तर मोठ्या जहाजांवर समुद्राचंच पाणी वाफ करून किंवा दाबाने गाळून गोडं करतात. ते पक्कं धरायचं का, हे महाराजसाहेबांना विचारा. मी त्यात पडत नाही.

आता एक विचारते. चैत्रात आणि आश्विनात ओळीचे नऊ दिवस आपण आयंबिल करून काय ऐकतो? श्रीपाल राजाची कथा. धवल शेठची पाचशे जहाजं, त्यांवर श्रीपाल, मग भर समुद्रात त्याला ढकलून देणं आणि नवपदाच्या स्मरणाने त्याचं तरणं. धर्म बुडवायला समुद्र पुरत असता तर ही कथा आपण वर्षातून दोनदा ऐकलीच नसती. विरचंद गांधी 1893 मध्ये शिकागोच्या धर्मपरिषदेला गेले तेव्हाही हीच ओरड झाली होती. बोलावणं आत्मारामजी महाराजांना होतं. साधू वाहनात बसत नाहीत, म्हणून त्यांनी विरचंदभाईंना पाठवलं. तरी समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्याच काहींनी विरोध केला. आज त्यांच्या नावाने आपण छाती फुगवतो.

मग आक्षेप खरा कशाला आहे? मी वाणिज्य शाखेची, खातं बघून बोलते. नणंदेचे यजमान आणि दीर धंद्यासाठी वर्षातून चार वेळा विमानाने परदेशी जातात. त्यांच्या चौविहाराची चौकशी एकदाही झालेली नाही. तिनेच मुलाकडे थेट विमानाने जाऊन तीन महिने नातवंडं सांभाळली, सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटल्या, तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. आक्षेप आला तो फक्त या सात दिवसांना, जेव्हा ती डेकवरच्या खुर्चीत बसून पाण्याकडे बघत होती आणि "आज भाजी काय?" असं तिला कोणीही विचारत नव्हतं. बाईचं रिकामं बसणं डोळ्यांत खुपतं. त्याला नाव मात्र धर्माचं.

दिग्व्रताचा आक्षेप कोणी काढला तर मी उठून नमस्कार करीन. दिशांची मर्यादा घालून घेणं हे आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांपैकी एक, आणि ज्याने मर्यादा घेतली त्याने ती पाळावीच. पण मग दुबईच्या तिकिटालाही तोच नियम लावा. जहाज किती इंधन जाळतं, त्यात किती हिंसा, हा आक्षेपही खरा आहे आणि नणंदेपाशी त्याचं उत्तर नाही. गंमत अशी, की तो या तिघांपैकी एकानेही घेतला नाही. 'शुद्ध जैन किचन' अशी जाहिरात दिसली की आपली अहिंसा ताटापाशी येऊन थांबते.

आणखी एक गोष्ट नणंदेनेच सांगितली. बंदर नसतं त्या दिवशी सगळे प्रवासी जहाजावरच असतात. दुकानं उघडी, प्रत्येक जेवणघर भरलेलं. म्हणजे प्रवाशांचा सर्वांत निवांत दिवस हा कामगारांचा सर्वांत दमवणारा दिवस. दर्यावर्दी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात चोवीस तासांत किमान 10 आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती लिहिलेली आहे. महिनोन्महिने घरापासून लांब, पण विश्रांतीचा आकडा कागदावर तरी आहे. तिच्या टेबलाशी गोव्याचा एक मुलगा वाढायला होता. ताट स्वतः उचलायला गेली तर तो घाबरला.

हे ऐकताना मला आमच्या भाजे गावातला पावसाळा आठवला. जुलैचा रविवार, लेण्यांशेजारचा धबधबा कोसळतोय, मळवलीपासून गाड्यांची रांग, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे "दोन तास निवांत बसू" म्हणत आमच्या ओट्यावर. त्यांचा निवांत दिवस आणि आमचा चार वेळा चहा, दोन घाण मुगाची भजी, वीस जणांचं जेवण, तेही सूर्यास्ताच्या आत. आपल्या विश्रांतीचे तास कुठल्या करारात आहेत? घरच्यांना दाखवा तो 77 चा आकडा. दाखवा आणि गप्प बसा, बेरीज त्यांनाच करू द्या.

त्यासाठी अटलांटिक कशाला हवा, असं काहीजणी म्हणतील. बरोबर. नकोच. तेवढे पैसेही आपल्यातल्या फार थोड्यांकडे आहेत. महिन्यातून एक दिवस ओटा बंद, दूध घरातलं दुसरं कोणी तापवेल, ताटं ज्याची त्याने धुवायची, एवढं घरात ठरलं तर तिकीट काढावं लागणार नाही. पण घरात ठरत नाही तोवर, जिला सात दिवस मिळाले तिच्याकडून प्रायश्चित्ताची भाषा करू नका. निदान आपण बायकांनी तरी नको.

ती परवा इथे येतेय. तुम्ही भेटाल तेव्हा काय खाल्लं हे विचारा, खुशाल विचारा. त्या पाच रात्रींनी तिला पाच तास जास्तीचे दिले. त्यांचं तिने काय केलं, हे मी अजून विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.