वेळासचे पाहुणे

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. इतिहासप्रेमी सोडले, तर तिकडे फारसे कोणी फिरकत नसे. आता फाल्गुन-चैत्रात पुण्या-मुंबईची कुटुंबे तेथे जातात, ती समुद्राकडे झेपावणारी कासवाची पिल्ले पाहण्यासाठी.

ऑलिव्ह रिडले मादीने वाळूत शंभरेक अंडी घालावीत आणि ती माणसांनी नाहीतर कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरून न्यावीत, असेच येथे चालत आले होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून होताच. पण कागदावरच्या कायद्याने अंडी वाचत नाहीत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन काम आरंभिले, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि गावाची चूल कासवाशी जोडली गेली. पाहुणा गावकऱ्याच्याच घरी उतरतो, तेथेच जेवतो. पैसा त्या घरात राहतो.

मात्र पाहुण्याचाही काही धर्म असतो! अंडी उबण्यास सुमारे पन्नास दिवस लागतात. पिल्ले शनिवार-रविवार पाहून बाहेर येत नाहीत. ती दिसली नाहीत म्हणून यजमानाशी हुज्जत घालणाऱ्या, दोरी ओलांडून कॅमेऱ्याचा झोत टाकणाऱ्या महाभागांनी घरी दूरचित्रवाणीच पाहावी.

खरी धास्ती वेगळीच आहे. गर्दी वाढली की बाहेरच्या भांडवलाला किनाऱ्यालगत हॉटेल सुचते. मग पैसा गावाबाहेर जातो, आणि रात्री त्या झगमगाटाने भुललेली पिल्ले समुद्राकडे पाठ फिरवून जमिनीकडे चालू लागतात.