गॅस संपत नाही!

मालवण-रत्नागिरीकडे घरचे वातानुकूलन यंत्र थंडावा देईनासे झाले, की "गॅस संपला" असे म्हणून तो पुन्हा भरतात. माझ्या मते ही दुरुस्तीच नव्हे. गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. वापराने तो संपत नाही. कमी झालाच असेल तर कोठेतरी गळती आहे. साबणाचा फेस लावून ती आधी शोधायला नको का? हल्लीचा आर-३२ वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ७०० पट तापमानवाढ घडवतो.

पुष्कळदा तर दोष गॅसचा नसतोच. यंत्राच्या घराबाहेरील भागात तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. खाऱ्या वाऱ्यातले मीठ त्यांवर बसते. हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली, की ते ओलावा शोषून विरघळते. (पावसाळ्यात मिठाची बरणी पाहा!) दोन धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे विद्युत्घटच झाला. त्यात ॲल्युमिनियम झिजते, पट्ट्यांचा भुगा होतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि विजेचे बिल वाढते.

उपाय स्वस्त आहे. मोठ्या माणसांनी वीजपुरवठा बंद करून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने पट्ट्या धुवाव्यात. यंत्र छपराखाली असेल तर पावसावर विसंबू नये. आणि हो, किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी आधी चाखून पाहा. ते मचूळ असेल तर उपयोगाचे नाही.